पोतदाराची खूण

नाणे वाजवून घ्यावे, असे आपले वडीलधारे सांगत आले. जे नाणे वाजवताच येत नाही ते कसे घ्यावे, याविषयी मात्र त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. तसा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. आमच्यावर तो तीन वर्षांपूर्वी आला आणि त्यातून जो प्रश्न मनात उभा राहिला तो अद्याप मिटलेला नाही. मंडळाच्या एका बैठकीत प्रामाणिकपणा या विषयावर चर्चा चालली होती, तेव्हा तो बोलून दाखवावा असे वाटले होते. पण धीर झाला नाही. लिहिताना माणूस थोडा धीट होतो, म्हणून येथे मांडीत आहोत.

सेवानिवृत्तीच्या वेळी जी रक्कम हाती आली तिच्यातून लेकीचे लग्न आणि घराचे राहिलेले कर्ज या दोन गोष्टी उरकल्या. जे थोडे शिल्लक राहिले त्यातून आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हौसेची वस्तू घ्यावी, असे आम्ही ठरवले. ती वस्तू म्हणजे गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीदेव याचा सोन्याचा गद्याण. बाराव्या शतकाच्या मध्यावरचे हे नाणे. वजन सव्वाचार ते साडेचार ग्रॅमच्या दरम्यान. एका बाजूस पंजा उचललेला सिंह, दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. याच सप्तकोटीश्वराचे देवालय शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नार्वे येथे पुन्हा उभे केले, हे वाचकांस ठाऊक आहेच. या राजघराण्याची दुसरी राजधानी आपली खानापूर तालुक्यातील हलशी. कमलादेवी राणीचे देगावचे कमलनारायण मंदिरही आपल्याच जिल्ह्यात. लहानपणी निपाणीहून आजोळी आलो की मामा आम्हांस हलशीला नेत आणि नृसिंहाच्या देवळाच्या पायरीवर बसून शिदोरी सोडीत. ज्या राजाच्या देवळात आपण दशम्या खाल्ल्या त्याचे नाणे आपल्या हाती असावे, एवढीच ती हौस होती.

या घराण्यावर कन्नड आणि मराठी असे दोघेही हक्क सांगतात, याचे सीमाभागात राहणाऱ्यास नवल वाटू नये. लेख पुष्कळसे कन्नड वा संस्कृत, नाण्यावरची लिपी नागरी. आम्हीही पस्तीस वर्षे कचेरीत टिपणे कन्नडमध्ये लिहिली आणि घरी पत्रव्यवहार मराठीत केला. त्या राजाशी आमचे जमावयास हरकत नाही.

हौस असली तरी पारख नव्हती. म्हणून पुण्याच्या एका नाणेव्यापाऱ्यांना आम्ही गाठले. लिलाव बेंगळुरूला होता. ही मंडळी अलीकडे छापील सूची काढून, आधी दोन दिवस नाणी पाहावयास ठेवून रीतसर लिलाव करतात. मुंबई आणि बेंगळुरू या दोन्ही ठिकाणी ही प्रथा आता चांगली रुजली आहे. आमच्या वतीने नाणी पाहावयाची, किंमत सुचवावयाची आणि बोली लावावयाची, याबद्दल शेकडा पाच, असा व्यवहार ठरला. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. गृहस्थ साठीच्या अलीकडचे, मितभाषी. त्यांनी पहिल्यांदा सांगितले, ‘‘साहेब, वीस सामान्य नाणी घेण्यापेक्षा एक चांगले घ्या. सामान्य नाणे विकताना तुम्हांला माझी गरज लागेल. चांगले असेल तर गिऱ्हाईकच तुमचे दार शोधत येईल.’’

त्या दोन दिवसांत त्यांनी आम्हांस जे दाखवले ते पस्तीस वर्षांच्या नोकरीतही कोणी दाखवले नव्हते. सूचीत शिवचित्ताचे तीन गद्याण होते. पहिला आम्हांस फार आवडला, पिवळाजर्द, उजळ. त्यांनी भिंग हाती दिले आणि कडेवर एका जागी बोट ठेवले. तेथे किंचित सपाटी होती. कधी काळी कोणी त्याला कडी लावून गळ्यात घातला होता आणि विकताना कडी काढून जागा कानशीने घासली होती. दुसऱ्यावर, सिंहाच्या पोटाशी, सुईच्या अग्राएवढे बारीक खड्डे दिसत होते. ‘‘हा ठोकलेला नाही, ओतलेला आहे,’’ ते म्हणाले. साच्यात धातू ओतताना हवेचे बुडबुडे राहतात, त्यांची ती खूण. ठोकून पाडलेल्या नाण्यावर तशी खूण येत नाही. तिसरा पारदर्शक प्लास्टिकच्या जाड, कायमच्या बंद डबीत होता. डबीवर एका परदेशी संस्थेचे नाव, एक क्रमांक आणि ‘६२’ हा आकडा. त्यांनी डबीवरच्या आकड्याकडे शेवटी पाहिले. आधी नाणे पाहिले. ठसा मध्यावर बसला आहे की नाही, अक्षरे कडेबाहेर गेली आहेत काय, पृष्ठभाग कोणी आम्लाने धुतला आहे काय, हे पाहून झाल्यावर म्हणाले, ‘‘घ्या. पण या रकमेच्या वर एक रुपया नाही. कागदावर लिहून द्या, म्हणजे सभागृहात तुमचे मन फिरले तरी माझा हात वर होणार नाही.’’

आम्ही लिहून दिले. बोली लाखाच्या पुढे गेली, आमच्या मर्यादेच्या जरा अलीकडे थांबली आणि नाणे आमचे झाले. घरी आणल्यावर सौ.ने डबी कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. ‘‘एवढे पैसे घालून मुका रुपया आणलात,’’ असा शेरा मिळाला.

तो ‘६२’ काय आहे हे नंतर सवडीने वाचले. १ ते ७० अशी ही गुणपट्टी अमेरिकेतील विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. साठाच्या पुढचे नाणे व्यवहारात न फिरलेले. सत्तरच का, शंभर का नाही? कारण पट्टी मांडताना त्याच्यापुढे किंमत होती. अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची सत्तरपट येते, असा त्या काळच्या बाजाराचा त्याचा अंदाज होता. गुणाने मूळ किमतीस गुणावे म्हणजे भाव निघतो, असे ते गणित. बाजारभाव पुढे बदलले, गणित मोडले, आकडे मात्र राहिले. १९८६-८७ च्या सुमारास पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्थांनी नाणी तपासून, गुण देऊन डबीत बंद करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि ही पट्टी जगभर गेली. गुण म्हणून जो आकडा आपण पाहतो तो जन्मतःच भाव होता, हे वाचून आम्हांस थोडे हसू आले.

हसू येण्याचे दुसरे कारण घरगुती आहे. आम्हीही गुण घेतलेले आणि दिलेले आहेत. दरसालच्या गोपनीय अहवालात हाताखालच्यांना ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘समाधानकारक’ अशी पदवी लिहिताना आमचे एक निरीक्षण होते. ज्याने कधी अवघड टेबल घेतले नाही, पूर-दुष्काळाच्या कामावर जो कधी गेला नाही, त्याचे सेवापुस्तक हमखास स्वच्छ असते. ज्याने चार माणसांची कामे केली त्याच्या नावावर दोन तरी तक्रारी असतात. न फिरलेले नाणे साठाच्या वर आणि बाजारहाट केलेले तीसच्या खाली, हा न्याय आम्हांस नवा नव्हता.

आपल्यांतील पुष्कळ घरी देव्हाऱ्यात शिवराई असते. आमच्याकडे आजीची आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे तांब्याचे नाणे पाडले गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते बाजारात चालत होते. दोनशे वर्षे हातोहात फिरलेले. आजीच्या शिवराईवरचे ‘श्री राजा शिव’ आता डोळ्यांनी वाचता येत नाही, अंगठा फिरवला तर कळते. अशा नाण्याला डबीवाले किती गुण देतील ते विचारावयास नको.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट जुन्या रुपयांची आहे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एक वजनाचा, एक कसाचा रुपया चालू करीपर्यंत दक्षिणेत टांकसाळीगणिक रुपया वेगळा होता आणि एकाचा दुसऱ्याशी बदल करताना बट्टा द्यावा लागे. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तो हाच. या गोंधळात गावगाड्याला आधार होता पोतदाराचा. नाणे कसास उतरते की नाही हे पाहणारा हा माणूस बहुधा गावचा सोनारच असे. तो आणि पेठेतील सराफ नाणे पारखून त्यावर बारीकशी खूण ठोकीत: पाहिले, खरे आहे. आज लिलावाच्या सूचीत अशा रुपयाच्या वर्णनात ‘सराफी खुणा आहेत’ असे लिहिलेले असते आणि त्या खुणांमुळे किंमत उतरते. नाणे खरे असल्याची साक्ष ही नाण्याची इजा ठरली आहे.

पोतदाराची खूण आणि डबीवरचा आकडा, काम दोघांचे एकच. माझ्या डोळ्यांवर विसंबून तू हे घे, असे दोन्ही सांगतात. परंतु पोतदार त्याच गावात राहत असे. खूण चुकली तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याला तोंड दाखवावे लागे. आकडा देणाऱ्याने आमचे तोंड पाहिलेले नाही; आम्ही त्याचे पाहणे शक्य नाही. मधला दुवा आमचे पुण्याचे व्यापारी, आणि ते खरोखर पोतदाराच्या जातकुळीचे निघाले, हे आमचे भाग्य. येथवर आमच्या मनात काही खटकत नव्हते. दुसऱ्याची पारख मोबदला देऊन घेतली, ती चोख मिळाली, व्यवहार पुरा झाला.

मग एके दिवशी खानापूरकडचे आमचे एक जुने स्नेही, निवृत्त शिक्षक, घरी आले. आम्ही कौतुकाने डबी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून नाणे निरखले, अक्षरे लावली, सप्तकोटीश्वराला हात जोडले आणि सहज विचारले, ‘‘हे सापडले कोठे?’’

आम्हांस उत्तर देता आले नाही. आणि ज्या माणसाने महसूल खात्यात उमेदवारी केली त्याला हा प्रश्न स्वतःहून सुचला नाही, याची लाज वाटली. सोने हवेतून येत नाही. आठशे वर्षांपूर्वीचा गद्याण घरोघरी वारशाने येत नाही. तो बहुधा जमिनीतून निघतो. पायाच्या खोदाईत, नांगराच्या फाळाला, पडक्या देवळाच्या चौथऱ्यातून. जमिनीतून निघालेल्या निधीविषयी १८७८ पासून कायदा आहे, कर्नाटकापुरता १९६२ चा आहे. जुन्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील निधी सापडल्यास कलेक्टरास कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही. आणि आमची डबी तर परदेशी संस्थेची! कदाचित ते नाणे ब्रिटिश अमदानीतच एखाद्या साहेबाच्या पेटीतून विलायतेस गेले असेल, तेथे डबीत बसले असेल आणि रीतसर जकात भरून परत आले असेल. तसे असेल तर उत्तमच. पण असेलच असे डबीवर कोठे लिहिले आहे? क्रमांकावरून संस्थेकडे चौकशी करता येते. आम्ही नातवाकडून ती करवली. नाण्याचे छायाचित्र आले, आकडा आला. पृष्ठभागाविषयी सारे, पूर्वेतिहासाविषयी अवाक्षर नाही. त्यांनी ते सांगण्याचे कबूलही केलेले नव्हते.

येथे एक जुनी आठवण सांगणे भाग आहे. १९८९ च्या पावसाळ्यानंतर, आम्ही नोकरीत नवखे असताना, घाटमाथ्याजवळच्या एका गावी गोठ्याचा पाया खणताना मडके निघाले. आम्ही वरिष्ठांबरोबर पंचनाम्यास गेलो. मडक्याच्या खापऱ्या, माती आणि सतरा सोन्याची नाणी पानावर मांडलेली. पंच बसले, वजन झाले, आम्ही लिहिले. परत निघताना जीपपाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीने आमच्याकडे न पाहता, कोणास उद्देशून नाही असे म्हटले, ‘‘एवढ्या मोठ्या मडक्यात सतराच?’’ आम्ही वरिष्ठांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘‘समोर जे आहे ते लिहिलेस ना? मग झाले.’’ झालेच ते. पंचनामा निर्दोष होता. त्यावर पुढे कधी आक्षेप आला नाही.

सतराव्याच्या पुढची जी होती, असलीच तर, ती कोठे गेली असतील? बहुधा सोनाराच्या मुशीत. हे आम्ही नंतर पुण्याच्या व्यापाऱ्यांपाशीही बोललो, आणि त्यांचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ते म्हणाले, ‘‘साहेब, आम्ही नसतो तर निम्मी नाणी वितळली असती. शेतकरी कचेरीत जात नाही, सोनाराकडे जातो. सोनार वजनाने घेतो. संग्राहक चौपट देतो म्हणून नाणे वाचते.’’ यात तथ्य आहे. १८७८ च्या कायद्यात सरकारने निधी ठेवून घ्यावयाचे ठरवल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, अशी तरतूद आहे. नाण्याचे मोल धातूच्या कितीतरी पट असते, हे त्या कायद्याच्या गावी नाही. त्यातून चौकशी, पंचनामा, हेलपाटे, आणि ‘आणखी किती लपवलीस?’ हा संशय. आम्ही त्या यंत्रणेचा भाग होतो; शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही. परंतु नाणे वाचले म्हणजे सारे वाचले असेही नाही. ते कोणत्या गावी, कोणत्या मडक्यात, कोणत्या नाण्यांच्या संगतीत सापडले, ही नोंद एकदा बुडाली की बुडाली. अभ्यासकाला त्या नोंदीवरून कळले असते की हलशीचा गद्याण कोठवर चालत होता, कोणाच्या हाती होता. डबीत आहे तो सुंदर आहे, पण अनाथ आहे.

जावईबापू म्हणतात की प्रत्येक जुन्या वस्तूचा जन्मदाखला मागू लागलात तर वस्तुसंग्रहालयेही ओस पडतील. खरेच आहे. आणि तरीही दुसऱ्याच्या गैरसोयीच्या प्रश्नाने आपला प्रश्न सुटत नाही. आम्ही स्वतःशी पुष्कळ उलटसुलट केले. आम्ही चोरी केली नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला नाही. व्यापाऱ्यांनी जे जे विचारले त्याचे खरे उत्तर दिले. खोट तेथेच आहे: आम्ही विचारले नाही. ज्याचे उत्तर ऐकून नाणे हातचे जाण्याचा संभव होता तेवढा एकच प्रश्न आम्ही विचारला नाही, आणि १९८९ मध्येही नेमका तोच विचारला नव्हता. पारख विकत मिळते; आम्ही शेकडा पाच देऊन घेतली. न विचारल्याची जबाबदारी त्या शेकडा पाचांत येते काय? आमच्या मते येत नाही. व्यापाऱ्याचे काम नाणे पाहण्याचे होते. ते आपल्या घरी आणावे की नाही हे पाहण्याचे काम आमचे होते आणि ते कोणाकडे सोपवलेले नव्हते. ते नुसते पडून राहिले.

शेल्डनविषयी आणखी थोडे. त्याचा मृत्यू १९७७ मध्ये झाला. त्यानंतर काही वर्षांनी असे उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील शंभराहून अधिक सेंट त्याने बदलले होते. संस्थेची सरस नाणी उचलून त्या जागी स्वतःची निकस ठेवली होती. पारख इतकी बारीक, की कोणते घ्यावे आणि कोणते ठेवावे यात त्याची चूक होत नसे. ज्या सद्गृहस्थाने त्याच्याकडून तो संग्रह पुढे विकत घेतला तो निष्पाप होता, पण प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्याच्या पट्टीने जग नाण्याचे गुण मोजते, त्याच्या पट्टीत ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला घरच नव्हते. हे वाचल्या दिवशी आम्ही डबी कपाटातून काढून पुन्हा पाहिली. सिंहाचा पंजा तसाच उचललेला.

गेल्या श्रावणात आम्ही पुण्यास पत्र लिहिले: हे नाणे लिलावात कोणी ठेवले होते, त्यापूर्वी ते कोठे होते, देशात केव्हा आले, याची काही नोंद मिळेल काय? विक्रेत्याचे नाव गुप्त ठेवण्याचा रिवाज आम्हांस माहीत होता. नाव नको, वाट सांगा, असे लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यांनी लिलाव करणाऱ्यांकडे विचारणा केली होती. ‘एका जुन्या संग्रहातून’ एवढेच कळले. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती की इतक्या वर्षांत असे विचारणारे तुम्ही तिसरे. नाणे नको असेल तर घेतल्या किमतीस परत घेतो. माणूस भला आहे, हे आम्ही आधी म्हटलेच आहे. परत दिले तर ते पुढच्या लिलावात जाईल आणि चौथा कोणी न विचारता घेईल. वस्तुसंग्रहालयास द्यावे तर तेही हाच प्रश्न विचारतील, आणि विचारलाच पाहिजे. पत्राचे उत्तर आम्ही अजून लिहिलेले नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात सौ.ने नेहमीप्रमाणे आजीची शिवराई चिंचेने घासून ठेवली, शेजारी चांदीचे दोन रुपये ठेवले. मग कपाटाकडे पाहत विचारले, ‘‘आणि तो मुका?’’

आम्ही म्हणालो, ‘‘यंदा राहू दे.’’